एकाकीपणाची मोजपट्टी

‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’ या परिचारिकांच्या नियतकालिकात १९५५ साली एकाकीपणावर एक लेख छापून आला. लेखिका होत्या हिल्डेगार्ड पेप्लाऊ. औषध द्यायचे, स्वच्छता पाहायची आणि पुढच्या खाटेकडे वळायचे, एवढाच परिचारिकेच्या कामाचा अर्थ लावला जाई, त्या काळात परिचारिका आणि रुग्ण यांच्यातले नाते हाच शुश्रूषेचा गाभा आहे, असे त्यांनी १९५२च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले होते. आजही नर्सिंगच्या अभ्यासक्रमात त्यांचा सिद्धान्त शिकवला जातो. महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींनाही पेप्लाऊ हे नाव परिचयाचे असते.

तो लेख आला तेव्हा हिल्डेगार्ड यांची मुलगी लेटिशिया ॲन दहा वर्षांची होती. पुढे लेटिशिया पेप्लाऊ हार्वर्डमध्ये सामाजिक मानसशास्त्र शिकल्या आणि १९७३ साली डॉक्टरेट मिळवून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे ‘यूसीएलए’मध्ये, शिकवू लागल्या. आईने जे दुखणे रुग्णाच्या खाटेशेजारी बसून पाहिले होते, ते मुलीने मोजायला घेतले. या मोजणीतून एकाकीपणाबद्दलच्या कितीतरी पक्क्या समजुती खोट्या ठरल्या. त्यांतल्या काही आपल्या घराघरांत आजही तग धरून आहेत, म्हणून ही हकिगत मराठी वाचकाने जाणून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

दुखणे जुने, अभ्यास नवा

इतक्या सार्वत्रिक दुःखाकडे शास्त्राने इतकी वर्षे पाठ का फिरवली? जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी याचे एक कारण सांगून ठेवले होते. त्यांचा एकाकीपणावरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ साली प्रसिद्ध झाला. हा अनुभव इतका भयावह असतो, की मनोविकारतज्ज्ञही त्याच्या वाटेला जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे कारण व्यावहारिक होते. त्या काळचे सामाजिक मानसशास्त्र प्रयोगशाळेत घडत होते. माणूस हुकूम कसा पाळतो, दहाजणांच्या दबावाखाली मत कसे बदलतो, हे तासाभराच्या प्रयोगात पाहता येते. एकाकीपणाचे तसे नाही. एखाद्याला तासभर खोलीत एकटे बसवता येईल, पण त्याला त्या एका तासापुरते एकाकी करता येणार नाही. कदाचित तो निवांत पुस्तक वाचत बसेल.

ही कोंडी फोडली बोस्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी. १९७३च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन प्रकारच्या माणसांची तुलना केली. एका बाजूला जोडीदारापासून दुरावलेले पालक होते. आपल्यासारख्यांच्या संघटनेत येऊन त्यांनी मित्र जोडले, पण घरातले रितेपण काही हटले नाही. दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या नोकरीसाठी दूरच्या राज्यांतून बोस्टन परिसरात आलेल्या विवाहित स्त्रिया होत्या. त्यांचा संसार सुखाचा होता, तरी शेजार आणि मैत्रिणी यांच्यावाचून त्यांचा जीव रमत नव्हता. यावरून वाइस यांनी भावनिक एकाकीपणा आणि सामाजिक एकाकीपणा असे दोन वेगळे प्रकार मानले. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. जिवलग माणसाची जागा दहा ओळखीची माणसे घेऊ शकत नाहीत, आणि नवरा कितीही प्रेमळ असला तरी तो एकटा अख्ख्या आळीची जागा भरून काढू शकत नाही.

लग्न करून अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलींना हे वेगळे समजावून सांगायला नको. अवलंबित जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर २०१५पर्यंत नोकरी करायला मुभाच नव्हती, आणि त्यानंतरही ती सर्वांना मिळालेली नाही. अशा घरात कशाचीच उणीव नसताना पोरीला करमत का नाही, याचे उत्तर वाइस यांच्या त्या स्त्रियांनी पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

वीस वाक्यांचा कागद

१९७८ साली डॅनियल रसेल, लेटिशिया पेप्लाऊ आणि मेरी लुंड फर्ग्युसन यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘यूसीएलए लोनलीनेस स्केल’. एकाकीपणाच्या संशोधनात जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली मोजपट्टी ती हीच.

ती असते कशी? एक साधा कागद आणि त्यावर वीस विधाने. आपल्याला खरोखर ओळखणारे कोणी आहे का, अडीअडचणीला कोणाकडे वळता येते का, भोवती माणसे असूनही ती आपल्यापासून लांब आहेत असे वाटते का, आपल्याला वगळले जाते असे वाटते का, अशा आशयाची. प्रत्येक विधानापुढे चार पर्याय असतात: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा. एकापासून चारपर्यंत गुण. वीस विधानांची बेरीज कमीत कमी वीस आणि जास्तीत जास्त ऐंशी होते. बेरीज जितकी मोठी तितका एकाकीपणा जास्त.

पहिल्या आवृत्तीत एक त्रुटी होती. वीसच्या वीस विधाने दुःखाच्याच बाजूने झुकलेली होती. अशा कागदावर काही जण विचार न करता एकाच रकान्यात खुणा करत जातात. म्हणून १९८०च्या सुधारित आवृत्तीत दहा विधाने एकाकीपणाची आणि दहा जवळिकीची ठेवली गेली, आणि जवळिकीच्या विधानांचे गुण उलटे मोजले जाऊ लागले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ‘मी एकाकी आहे’ असे सरळ कबूल करायला लावणारे विधानच त्या कागदावर नव्हते. या एका निर्णयाचे महत्त्व पुढे स्त्री-पुरुषांच्या तुलनेत लख्ख दिसून आले.

हा कागद नैराश्यच तर मोजत नाही ना, अशी शंका अनेकांनी घेतली. पेप्लाऊ आणि सहकाऱ्यांनी १९८०मध्येच तीही तपासली. एकाकीपणा आणि नैराश्य बरेचदा हातात हात घालून येतात, पण त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि एक दुसरीचे थेट कारण नाही, असे त्यांना आढळले. खचलेला प्रत्येक माणूस एकाकी नसतो, आणि एकाकी माणूस बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असू शकतो.

हवे ते आणि आहे ते

१९८१ साली पेप्लाऊ आणि डॅनियल पर्लमन यांनी एकाकीपणाची जी व्याख्या केली, तिच्यावर आजचे बहुतेक संशोधन उभे आहे. आपल्याला हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांच्यात अंतर पडले, आणि ते अंतर जाणवून त्रास होऊ लागला, की तो एकाकीपणा. हे अंतर संख्येचे असेल किंवा दर्जाचे असेल.

या व्याख्येने पुष्कळ गोष्टी जागच्या जागी बसतात. एकटे राहणे म्हणजे एकाकी असणे नव्हे. पेप्लाऊ आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली एकट्या राहणाऱ्या वृद्धांविषयी लिहिताना हाच मुद्दा लावून धरला. एकटी राहणारी, आपल्या वेळापत्रकाने जगणारी आणि दोन मैत्रिणींशी रोज बोलणारी आजी मजेत असू शकते. उलट मुलगा, सून, नातवंडे यांनी भरलेल्या घरात बसलेले आजोबा एकाकी असू शकतात, कारण त्यांच्याशी जे बोलणे होते ते ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतलीत का’ एवढ्यावर संपते. घरात माणसे किती, हे मोजून एकाकीपणा कळत नाही. ‘एवढं भरलेलं घर आहे, तुम्हाला काय कमी आहे?’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. तो कमतरता शोधत नाही, नुसता तोंड बंद करतो.

पुरुष कबूल का करत नाहीत?

आता स्त्री-पुरुषांकडे वळू. जास्त एकाकी कोण, हा प्रश्न संशोधकांना अनेक वर्षे चक्रावत होता, कारण उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. शेली बोरिस आणि पर्लमन यांनी १९८५ साली त्याचे कोडे सोडवले. ‘तुम्हाला एकाकी वाटते का?’ असे थेट विचारले, की ‘हो’ म्हणणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त निघते. पण यूसीएलएच्या कागदासारखे आडून विचारले, की बहुतेक अभ्यासांत फरक उरत नाही, आणि जिथे उरतो तिथे पुरुषांचे गुण अधिक भरतात. म्हणजे दुखणे दोघांनाही आहे, पण त्याचे नाव घ्यायला पुरुष तयार नाहीत.

का तयार नाहीत, याचाही माग या दोघांनी काढला. त्यांनी लोकांना एका एकाकी व्यक्तीची गोष्ट वाचायला दिली. तपशील सगळे तेच. फरक एवढाच, की काहींच्या हातातल्या गोष्टीत ती व्यक्ती पुरुष होती आणि काहींच्या गोष्टीत स्त्री. वाचणाऱ्यांनी एकाकी पुरुषाला एकाकी स्त्रीपेक्षा अधिक नाकारले. यात पुरुषांच्या गप्प बसण्याचे कारण स्पष्ट दिसते. एकाकीपणा कबूल करण्याची किंमत पुरुषाला जास्त मोजावी लागते, आणि ती किंमत ठरवणारे आपणच आहोत. ‘बाईसारखा रडतोस काय?’ या वाक्यावर वाढलेला मुलगा पन्नाशीत मन मोकळे करील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

पुढे २०१९ साली जवळपास चार लाख लोकांची आकडेवारी एकत्र करून केलेल्या विश्लेषणात स्त्री आणि पुरुष यांच्या एकाकीपणातला सरासरी फरक नगण्य निघाला. बायका हळव्या म्हणून त्या एकाकी आणि पुरुष खंबीर म्हणून त्यांना काही वाटत नाही, ही समजूत आता तरी सोडून द्यायला हवी.

फरक आहे तो एकाकीपणाच्या मापात नाही. तो आहे नाती सांभाळण्याच्या रीतीत. १९८२मध्ये पेप्लाऊ आणि मेटा कॅल्डवेल यांनी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. मित्रांची संख्या आणि त्यांच्याबरोबर घालवलेला वेळ या दोन्हींत मुलगे आणि मुली बरोबरीत होते. मुली मैत्रिणीला भेटत त्या बोलायला, मनातले सांगायला. मुलगे भेटत ते काहीतरी करायला, खेळायला. जवळचा मित्र मुलग्यांनाही हवा होता, पण जवळिकीचा त्यांचा रस्ता शब्दांतून जात नव्हता.

त्याचे परिणाम लॅड व्हीलर, हॅरी राइस आणि जॉन नेझ्लेक यांच्या १९८३च्या अभ्यासात दिसले. शहाण्णव विद्यार्थ्यांनी दोन आठवडे रोजनिशी ठेवली. दहा मिनिटे किंवा त्याहून जास्त चाललेली प्रत्येक भेट त्यात नोंदवायची. कोण होते, किती वेळ गेला, बोलणे वरवरचे होते की आतले, आपण किती मोकळे झालो, समोरचा किती मोकळा झाला. दोन आठवड्यांच्या नोंदी एकाकीपणाच्या गुणांशी ताडून पाहिल्यावर निघाले ते असे: मुलगा असो वा मुलगी, ज्यांचा जास्त वेळ मुलींच्या सहवासात गेला ते कमी एकाकी होते. मुलग्यांच्या सहवासात नुसता किती वेळ गेला, याने काही फरक पडत नव्हता. पण मुलग्यांशी झालेली भेट जर अर्थपूर्ण असेल, आतले काही बोलले गेले असेल, तर मात्र फरक पडत होता. पुरुषांच्या सहवासात मुळात काही खोट नव्हती. बोलणेच होत नव्हते. आणि बोलणे शिकता येते.

एकाच आधारावरचा संसार

पेप्लाऊ यांचा दुसरा मोठा अभ्यास प्रेमाच्या नात्यांचा होता. झिक रुबिन आणि चार्ल्स हिल यांच्यासह त्यांनी १९७२पासून बोस्टनच्या कॉलेजांतल्या २३१ जोडप्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला. त्या मुदतीत १०३ जोडपी विभक्त झाली. जिथे एकाची गुंतवणूक जास्त आणि दुसऱ्याची कमी होती, ती नाती लवकर तुटली. लोकसमज असा, की प्रेमात बाई विरघळते आणि पुरुष हिशेबी असतो. आकडे उलट बोलले. पुरुष प्रेमात चटकन पडत होते. नात्यात काय बिनसले आहे हे स्त्रिया आधी ओळखत, आणि नाते संपवण्यात त्या अधिक वेळा पुढाकार घेत. तुटल्यानंतर जास्त उदास आणि एकाकी होत ते पुरुष.

याचे कारण मैत्रीच्या अभ्यासात आधीच दिसले आहे. मनातले बोलायला स्त्रीजवळ बहीण असते, मैत्रीण असते, शेजारीण असते. अनेक पुरुषांजवळ असते ती फक्त जोडीदार. पत्नी वारल्यानंतर पुरुष अधिक खचतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलेले सत्य याच मुळातून येते. आपल्या घरांतही नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात ठेवणे, आजारी मावशीला फोन करणे, लग्नकार्याला जाऊन येणे, ही सगळी नात्यांची देखभाल बहुधा बाईच करते. ती गेली, की पुरुषाची पत्नी तर जातेच, पण तिच्या हाताने बांधलेले सगळे गोतही हळूहळू सुटत जाते.

ही रीत पुरुषाच्या रक्तात आहे की घरातल्या भूमिकेत? पेप्लाऊ यांनी सत्तरच्या दशकापासून समलिंगी जोडप्यांचा जो अभ्यास केला, त्याने या प्रश्नावर प्रकाश पडला. दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या संसारात एक ‘नवरा’ आणि एक ‘बायको’ होत असेल, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात बहुतेक जोडपी कामे आवडीनिवडीप्रमाणे आणि सवडीप्रमाणे वाटून घेत. प्रेम आणि समाधान यांच्या बाबतीत ती स्त्री-पुरुष जोडप्यांसारखीच होती. जिथे पुरुषाला पर्याय नसतो, तिथे तो घर आणि नाती दोन्ही सांभाळतो, एवढे तरी यातून निश्चित कळते. कॅलिफोर्नियातल्या समलिंगी विवाहबंदीविरुद्धच्या खटल्यात जानेवारी २०१०मध्ये पेप्लाऊ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

यातून बाहेर पडणारे कोण?

मोजपट्टी थर्मामीटरसारखी असते. ताप किती ते सांगते, उतरवत नाही. पण कोणाचा ताप आपोआप उतरतो हे त्याच मोजपट्टीने दाखवून दिले. कॅरोलिन कट्रोना यांनी यूसीएलएमध्ये नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची वर्षभर पाहणी केली. पहिल्या सत्रात तीन चतुर्थांश मुलांना एकाकीपणा जाणवला होता. वर्ष संपता संपता ते प्रमाण चौथाईवर आले. जी मुले सावरली त्यांनी मैत्री वाढवली. जी एकाकीच राहिली त्यांनी सगळी आशा एका प्रियकरावर किंवा प्रेयसीवर ठेवली होती, आणि आपला स्वभावच वाईट म्हणून आपण एकटे, असे ती मानत होती.

हा शेवटचा धागा पेप्लाऊ यांनी बारकाईने उलगडला. ‘मी इथे नवा आहे’ असे कारण देणारा माणूस खटपट करतो, कारण परिस्थिती बदलू शकते. ‘मी माणूसच तसा’ असे कारण देणारा हात-पाय गाळून बसतो. गाव सोडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला, बदली झालेल्या शिक्षकाला, नव्या सुनेला ‘तू फार अबोल आहेस’ असे म्हणणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात यावे. ‘पहिले काही महिने सगळ्यांनाच असं होतं’ हे वाक्य खरेही आहे आणि उपकारकही.

सरकारांनाही आता हे दुखणे दिसू लागले आहे. ब्रिटनने २०१८ साली एकाकीपणाची जबाबदारी एका मंत्र्यावर सोपवली, जपानने २०२१ साली. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने एकाकीपणा मोजण्यासाठी चार प्रश्न ठरवले. त्यांतले तीन यूसीएलएच्या मोजपट्टीतून आलेले, आडून विचारणारे, आणि चौथा थेट. दोन्ही तऱ्हांनी विचारले तरच खरे चित्र कळते, हा धडा सरकारी सर्वेक्षणापर्यंत पोहोचला. आपल्या घरापर्यंत तो अजून पोहोचायचा आहे.

म्हणून माझी वाचकांना एक विनंती आहे, आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकर्त्यांना व फॅमिली डॉक्टरांना तर आग्रहाचीच. वडिलांना, काकांना, निवृत्त सहकाऱ्याला ‘एकटं वाटतं का हो?’ असे विचारू नका. ते ‘छे छे’ म्हणतील. ‘मनातलं असं शेवटचं कोणाशी बोललात?’ असे विचारा. त्यांनी पत्नीचे नाव घेतले आणि ती आता हयात नसेल, तर पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे पुन्हा जा.